‘सवय लागली’ म्हणजे काय? आतड्याच्या सुजेवरच्या स्टिरॉइडची पार्श्वभूमी

प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू झाली की आठ-पंधरा दिवसांत शौचावाटे जाणारं रक्त थांबतं, ताटातली भाकरी संपायला लागते आणि घर निर्धास्त होतं. महिनाभरात मात्र तोंड गोल दिसतं, झोप उडते, रात्री अकराला पुन्हा भूक लागते. सुजेची गोळी घेतली आणि तोंडच सुजलं, असं घरचे म्हणतात. ती सूज नसते, चेहऱ्यावर साठणारी चरबी असते, आणि मात्रा उतरली की हळूहळू ओसरते. पण तोवर जळगाव-धुळ्याकडे कुणीतरी म्हणून गेलेलं असतं, “याला स्टिरॉइडची सवय लागली.”

कॉर्टिझोन १९४० च्या दशकाच्या शेवटी सांधेवातासाठी वापरात आलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसवरची, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणाऱ्या आजारावरची, त्याची मोठी चाचणी इंग्लंडमध्ये झाली, निष्कर्ष १९५५ मध्ये छापून आले. २१० रुग्ण होते. सहा आठवड्यांनी आजार पूर्ण शमलेले कॉर्टिझोनच्या गटात ४१ टक्के, तर नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात १६ टक्के. तीव्र झटक्यात माणसं दगावत, त्या काळात हा फरक फार मोठा होता. पुढच्या दहा वर्षांत दुसरी बाजूही कळली: बरं वाटल्यावर कमी मात्रेत गोळी चालू ठेवली तरी आजार उलटायचा थांबत नाही. साठ वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट, आणि आजही जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवर तीच पाकिटं मिळतात. याचा मला मनापासून राग येतो.

आता त्या ‘सवय’ शब्दाकडे. त्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. पहिली व्यसन, जे इथे नसतंच. दुसरी, डॉक्टर ज्याला स्टिरॉइडवरचं अवलंबन म्हणतात ती: सुरू केल्यापासून तीन महिन्यांत मात्रा रोज १० मिलिग्रॅमखाली आणता येत नाही, आणायला गेलं की आजार डोकं वर काढतो, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत उलटतो. यात दोष रुग्णाचा नाही, दुसऱ्या औषधाची वेळ झाल्याची ती खूण आहे. तिसरी ग्रंथींची. मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन ग्रंथी रोज शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून पुरवठा तीनेक आठवड्यांपेक्षा जास्त चालला की त्या मंदावतात आणि जाग्या व्हायला वेळ घेतात. अशात गोळी एकदम तोडली तर उलट्या, गळाठा, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेतू शकतं.

रुग्णाच्या कानात मात्र पहिलाच अर्थ शिरतो. यावल तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या घरात सुनेच्या गोळ्या सासूबाईंनी काळजीपोटीच धान्याच्या कोठीत लपवल्या होत्या. चौथ्या दिवशी सूनबाईंना उभं राहवेना. आता त्या घरात दिनदर्शिकेवर पेन्सिलीने आकडे लिहिलेत, दर सोमवारी एक: ४०, ३५, ३०.

२०२१ मध्ये कोविडनंतर म्युकर, म्हणजे काळी बुरशी, पसरला. अनियंत्रित साखर आणि बेहिशेबी स्टिरॉइड यांचा संबंध पुढे आला, आणि तेव्हापासून नाव काढलं तरी लोक दचकतात. भीती निराधार नाही. साखर वाढते, हाडं विरळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. म्हणून गोळी सकाळी नाश्त्यानंतर, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, अधूनमधून साखर आणि रक्तदाब. स्टिरॉइडने अंगात मीठ-पाणी साठतं, आणि आपल्याकडे खरी अडचण मिठाचीच: कळण्याची भाकरी, ठेचा, पापड, शेवभाजी, सगळ्यात मीठ. भरीत सोडायची गरज नाही, ताटातला पापड मात्र काढावा. केळीच्या पट्ट्यात राहून साखर वाढलेल्याने केळंही मोजून खावं.

स्टिरॉइडऐवजी दुसरी औषधं आहेत. १९९८ साली, नंदुरबार जिल्हा झाला त्याच वर्षी, अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून द्यायचं औषध क्रोन्ससाठी, म्हणजे आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजारासाठी, मंजूर झालं. कोलायटिससाठी २००५ मध्ये. प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन त्याआधीपासून होतंच. कोलायटिसवर टोफासिटिनिब नावाच्या गोळ्याही आता आहेत. पण आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात, आणि क्षयावर स्टिरॉइड पडलं तर तो भडकतो. त्यामुळे ही औषधं काय किंवा स्टिरॉइड काय, आधी क्षयाची तपासणी हवीच. त्यासाठी नाशिक-पुण्याच्या खेपा होतात, मजुरी बुडते, आणि तोवर घरात जुनं पाकीट शिल्लक असतंच. पहिली गोळी लिहिली जाते त्याच दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: ही कोणत्या तारखेला संपणार, आणि त्यानंतर काय?