एनक्लेक्स-आरएनचं अभ्याससाहित्य घेण्याआधी

एनक्लेक्स-आरएन म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स (आरएन) म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठीची परीक्षा. तिची पुस्तकं आणि क्वेश्चन बँकेची (सरावाच्या प्रश्नांच्या संचाची) वर्गणी आम्ही विकतो. तरीही सांगतो, कमी घ्या. एक चांगली क्वेश्चन बँक आणि उजळणीला एक पुस्तक एवढं पुरतं. चार पुस्तकं, तीन ॲप आणि मोबाइलभर पीडीएफ जमवणाऱ्यांचं एकही धड पुरं होत नाही.

पैसे खर्च करण्याआधी फुकट मिळतं ते वाचा. परीक्षा घेणारी संस्था एनसीएसबीएन आपला टेस्ट प्लॅन मोफत देते आणि दर 3 वर्षांनी तो सुधारते. कोणत्या विभागावर किती टक्के प्रश्न, ते त्यात असतं. घ्यायच्या पुस्तकाची अनुक्रमणिका त्याच्याशी ताडून बघा.

सेकंडहँड पुस्तक घेताना छपाईचं वर्ष पाहाच. 1 एप्रिल 2023 पासून परीक्षेचं स्वरूप बदललं. आता किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न, वेळ 5 तास. शिवाय केस स्टडी आल्या. एकाच रुग्णाच्या नोंदींवर 6 प्रश्न, लक्षणं हेरण्यापासून उपचाराचा परिणाम तपासण्यापर्यंत. जुनं पुस्तक विषयाच्या उजळणीला चालेल, सरावाला नाही.

क्वेश्चन बँकेत प्रश्न किती हजार आहेत, हे विचारू नका. रॅशनेल, म्हणजे उत्तर बरोबर किंवा चूक का याचं स्पष्टीकरण, कसं आहे ते पाहा. समजा प्रश्न असा आहे: डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असलेल्या रुग्णाला मळमळतंय, दिव्यांभोवती पिवळी वलयं दिसतायत, एपिकल पल्स (छातीवर मोजलेले हृदयाचे ठोके) 52, पोटॅशियम 3.1. सगळ्यात आधी काय कराल? सुमार बँक 'डोस रोखा, ही टॉक्सिसिटी (औषधाची विषबाधा) आहे' एवढं लिहून मोकळी होते. चांगली बँक सांगते की पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची टॉक्सिसिटी वाढते. पोटॅशियम द्यावं लागेल, पण त्याला डॉक्टरांची ऑर्डर हवी. डोस थांबवणं मात्र आत्ता तुमच्या हातात आहे. आणि मळमळीचं औषध आधी दिलं तर मूळ कारण तसंच राहील. प्रत्येक चुकीच्या पर्यायाचा असा हिशेब देणारी बँक घ्या. मोफत ट्रायलमध्ये स्वतःचे चुकलेले प्रश्न उघडा आणि रॅशनेल वाचून चूक कुठे झाली ते कळतं का, बघा. नाही कळलं तर ती बँक तुमच्या कामाची नाही, मग ती कितीही खपत असो.

भारतात शिकलेल्या नर्सेस औषधांपेक्षा डेलिगेशनमध्ये, म्हणजे कोणतं काम कोणाकडे सोपवायचं यात, जास्त अडतात, असा आमचा अनुभव आहे. एलपीएन (आरएनच्या खालच्या पातळीची परवानाधारक नर्स) आणि यूएपी (परवाना नसलेले मदतनीस) यांच्याबरोबर आपण काम केलेलं नसतं. स्थिर रुग्णाची व्हायटल्स किंवा बेडबाथ यूएपीकडे देता येतं. पहिलं असेसमेंट, पेशंट टीचिंग, इव्हॅल्युएशन आरएनकडेच राहतं. डेलिगेशन मॅनेजमेंट ऑफ केअर या विभागात येतं आणि 2023 च्या टेस्ट प्लॅनमध्ये त्याचाच वाटा सर्वांत मोठा, 15 ते 21 टक्के होता. या विषयाला दोन पानांत उरकणारं पुस्तक घेऊ नका. पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन असतं, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. अशी यादी पुस्तकात असेल तर उत्तम, नसेल तर आम्ही देतो.

'परवाच्या परीक्षेत आलेले खरे प्रश्न' म्हणून टेलिग्रामवर पीडीएफ फिरतात. प्रश्न बाहेर सांगणं हा परीक्षेच्या नियमांचा भंग आहे, निकाल रद्द होऊ शकतो. आमच्याकडे ते मागू नका.

वर्गणीचे दिवस घेतल्यापासून मोजले जातात, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत महिने जातात. एटीटी (परीक्षेला बसण्याचं परवानगीपत्र) हाती येण्याच्या बेतात असेल तेव्हाच वर्गणी घ्या, तोवर पुस्तकावर भागवा.

आधी एकदा नापास झाला असाल तर नवं काही घेऊ नका. निकालाबरोबर कँडिडेट परफॉर्मन्स रिपोर्ट मिळतो. कोणत्या विभागात तुम्ही पासच्या पातळीच्या वर, जवळ की खाली होता, ते त्यात लिहिलेलं असतं. पुन्हा बसायला किमान 45 दिवस थांबावंच लागतं. तो रिपोर्ट घेऊन या. जुन्याच बँकेत त्या विभागाचे प्रश्न उरलेत का, हे आधी पाहू.