टी४८० की टी४८०एस? एका अक्षरानं काय बदलतं

मागच्या महिन्यात भाचीनं बेळगावजवळच्या खानापुरातून दोन फोटो पाठवले. दोन्ही लॅपटॉप काळे, दोन्ही चौदा इंची, दोन्ही लेनोव्होचे थिंकपॅड, आणि दोन्हींच्या खाली दुकानदाराचा तोच मजकूर : आठवी जनरेशन, आय फाइव्ह, एसएसडी. सोबत तिची एकच ओळ : "मामा, दोन्ही सेमच की ओ. हलकं आहे ते घेऊ?"

एकाचं नाव टी४८०, दुसऱ्याचं टी४८०एस. दोन्ही २०१८ चे. प्रोसेसर त्याच घराण्यातले, इंटेलचं ग्राफिक्स तेच, वायफाय कार्डही इंटेलचं आणि स्लॉटमध्ये बसवलेलं. तिला त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची होती, आणि ती दोन्हीवर सारखीच चालते : पेनड्राइव्हवरून सुरू करा, पाच मिनिटांत वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं जागेवर. बोटाच्या ठशाचा सेन्सर मात्र दोन्हीवर आपसूक चालत नाही, त्याची आशा धरू नका. म्हणून "लिनक्सला कुठला चांगला" या प्रश्नाचं उत्तर लिनक्समध्ये नाही, ते मागचं झाकण उघडल्यावर मिळतं.

आधी बॅटरी, कारण आमच्या भागात सगळं तिथंच अडतं. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. २४ वॉट-अवरची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) एक आत, आणि दुसरी मागच्या बाजूला बाहेरून बसणारी. बाहेरची २४, ४८ किंवा ७२ वॉट-अवरची मिळते. ४८ आणि ७२ च्या जाड असतात, त्या लावल्या की लॅपटॉप मागून थोडा उचलल्यासारखा दिसतो. लॅपटॉप पालथा करायचा, दोन खटके बाजूला सरकवायचे, की बॅटरी हातात येते. हे सगळं लॅपटॉप चालू असताना करता येतं. तेवढा वेळ आतली बॅटरी त्याला जागं ठेवते, उघडी फाईल तशीच राहते. जुलैत जांबोटी-कणकुंबीकडे झाड तारेवर पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीज येईल याची खात्री कुणी देत नाही. त्या वेळी चार्ज करून पिशवीत ठेवलेली दुसरी बॅटरी म्हणजे काय, हे ज्यानं मेणबत्तीशेजारी असाइनमेंट पूर्ण केलंय त्याला विचारा.

टी४८०एस मध्ये ५७ वॉट-अवरची एकच बॅटरी, तीही आत स्क्रूनं बसवलेली. बदलता येते, अवघड नाही. पण चालू कामात नाही, आणि सुटी बॅटरी जवळ बाळगण्याचा प्रश्नच नाही.

दोन्हींवर लिनक्समध्ये चार्जिंगची मर्यादा ठरवता येते. टीएलपी नावाचं छोटं साधन टाका आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. दिवसभर चार्जरला लावून ठेवणाऱ्याची बॅटरी त्यानं बरीच जास्त टिकते.

आता रॅम. मला एसबद्दल खरी तक्रार आहे ती इथं. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. दोन्हीतल्या पट्ट्या निघतात आणि ३२ जीबीपर्यंत नेता येतात. एसमध्ये स्लॉट एकच. उरलेली रॅम, ४ किंवा ८ जीबी, बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. सगळं ठीक असेपर्यंत याचा त्रास नाही. माझ्या एका मित्राच्या एसवर ब्राउझर अधूनमधून आपोआप बंद पडायला लागला. विंडोज असो, लिनक्स असो, तेच. रात्रभर रॅमची चाचणी लावली तर सकाळी स्क्रीनवर चुका दाखवणाऱ्या लाल ओळी. स्लॉटमधली पट्टी काढून पाहिली, लाल ओळी तशाच. म्हणजे दोष बोर्डावरच्या चिपमध्ये. लिनक्सची एक चांगली गोष्ट अशी, की सुरू होतानाच कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगून रॅमचा तेवढा खराब तुकडा वगळायला लावता येतो. मित्राचं त्यावर आजही भागतंय. पण दुकानातून उत्तर आलं ते एकच : बोर्ड बदला. टी४८० असता तर खराब पट्टी काढून दुसरी लावायला पाच मिनिटं लागली असती.

डिस्कच्या बाबतीत मात्र एस सरस आहे, हे मान्य करायला हवं. त्यात एनव्हीएमई, म्हणजे पट्टीसारखा वेगवान एसएसडी, थेट बोर्डावर, पूर्ण वेगानं. टी४८० मध्ये अडीच इंची ड्राइव्हची जागा आहे. तिथं एनव्हीएमई बसवायला वेगळी फ्रेम आणि वेगळी केबल लागते, वेगही निम्म्यावर येतो. रोजच्या वापरात तो फरक जाणवत नाही. उलट जुन्या, मेलेल्या लॅपटॉपमधला साटा (जुन्या जोडणीचा, अडीच इंची) एसएसडी तसाच उचलून यात बसवता येतो, ही सोय मी कितीदा तरी वापरली आहे.

वजन : १.५८ किलोच्या आसपासचा टी४८०, १.३२ चा एस. रोज लोंढ्याहून रेल्वेनं किंवा खानापुराहून बसनं बेळगावला ये-जा करणाऱ्याला पाव किलो कमी वाटत नाही, म्हणून एस घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. मोठी बॅटरी लावल्यावर तर टी४८० आणखी जड होतो.

टी४८० चे काही नग कमी रिझोल्यूशनच्या फिकट डिस्प्लेचे निघतात. फुल एचडी आहे ना, एवढं बघून घ्या.

ओळखायचं कसं? पालथा करून बघा. बॅटरीचे दोन खटके दिसले तर टी४८०. लेबलवर मशीन टाइप असतो : २०एल५, २०एल६ म्हणजे टी४८०, आणि २०एल७, २०एल८ म्हणजे एस. सेकंडहँडच्या जाहिरातीत 'एस' कधी गळतो, कधी उगाच चिकटतो. लेबलच्या फोटोशिवाय आगाऊ पैसे पाठवू नका.

दोन्हींना लागू होणारी एक सूचना. या काळातल्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (टाइप-सी आकाराच्या वेगवान पोर्टच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये, दोष होता, त्यानं टाइप-सी पोर्ट हळूहळू निकामी होत. लेनोव्होनं २०१९ मध्ये दुरुस्त फर्मवेअर दिलं, पण आधीच बिघडलेला नग त्यानं आपोआप सुधारेलच असं नाही. चार्जिंगही टाइप-सीवरूनच, त्यामुळे दुकानातच दोन्ही पोर्टला चार्जर लावून बघा. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स असलेला नग टाळा, ड्रायव्हरची डोकेदुखी नको.

भाचीनं टी४८० घेतला. नंतरच्या टी४९० पासून बाहेरची बॅटरी गेली आणि रॅमचाही एक भाग बोर्डावर आला, त्यामुळे "थोडे जास्त घालून नवीन घेऊ का" यालाही मी नकोच म्हटलं. आत काही करण्यापूर्वी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन आतली बॅटरी बंद करायला तिला शिकवलं. झाकणाचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत, हे बघून ती खूश झाली. मग तिनं स्वतः ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली. कडांनी धरून तिरकी घालायची, मग खाली दाबायची. टक् असा आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे. तिचा पहिल्यांदा एकाच बाजूनं आला. लॅपटॉप सुरूच होईना, चेहरा पडला. पुन्हा उघडून पट्टी नीट दाबली आणि सुरू झाला.

शेवटी कीबोर्डची मांडणी. लिनक्समध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी कगप मांडणी, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या उच्चारावर बेतलेली मांडणी, आधीपासूनच असते. शाळेत कन्नड टाइपिंग शिकताना बसलेलं तेच वळण, 'के' दाबलं की इकडे क, तिकडे कन्नडचा ಕ. दोन्ही मांडण्या लावून दिल्या. घरी मराठी, कॉलेजच्या अर्जाला कन्नड, आणि बोटं तीच. संध्याकाळी तिचा मेसेज आला, मराठीतच : "मामा, दुसरी बॅटरी कुठं मिळते?"