व्हर्वे संक्रमण : मॅग्नेटाइटची रचना उलगडायला ७३ वर्षे का लागली

मॅग्नेटाइट (Fe₃O₄ हे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) थंड करत नेला की १२० ते १२५ केल्विनच्या आसपास त्याचा विद्युतरोध एकदम सुमारे शंभरपट वाढतो; हेच व्हर्वे संक्रमण. फिलिप्सच्या आइंडहोव्हन प्रयोगशाळेतील एव्हर्ट व्हर्वे यांनी १९३९ मध्ये याचे कारण सुचवले: अष्टफलकीय जागांवर (सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या लोहाच्या जागा) फिरणारे इलेक्ट्रॉन थांबतात आणि फेरस-फेरिक (Fe²⁺ आणि Fe³⁺) आयन ठरावीक क्रमाने बसतात. कल्पना देखणी होती. विवर्तनाने, म्हणजे स्फटिकावरून वळलेल्या किरणांच्या शिखरांवरून अणूंच्या जागा काढून, ती तपासणे मात्र भलतेच अवघड निघाले.

१९५८ मध्ये हॅमिल्टन यांच्या न्यूट्रॉन विवर्तनात व्हर्वेंना अपेक्षित असलेले शिखर दिसले आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण १९६८ मध्ये अर्ध-पूर्णांकी निर्देशांकांची शिखरे सापडली, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा मूळ ठोकळा (कोष) एका अक्षावर दुप्पट होतो. १९७५ मध्ये शिराने आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हॅमिल्टन यांचे ते शिखर बहुविध विकिरणाचे होते: एकाच स्फटिकात दोनदा वळलेला किरण निषिद्ध जागी, म्हणजे रचनेनुसार शिखर येऊच नये अशा ठिकाणी, येऊन पडलेला. स्फटिक त्या शिखराच्या विवर्तन-सदिशाभोवती (विवर्तन घडवणाऱ्या अणुप्रतलांना लंब दिशेभोवती) फिरवला की असले शिखर कमीजास्त होते. खरे शिखर तसेच राहते.

मुख्य अडचण जुळ्या स्फटिकांची, म्हणजे एकाच नमुन्यात वेगवेगळ्या दिशांना बसलेल्या तुकड्यांची. अणूंची घनाकार मांडणी (जालक) एकनताक्ष, म्हणजे एका कोनात किंचित तिरपी, होताना कोन ९०° वरून जेमतेम ०.२° सरकतो, पण त्याच्या २४ दिशा शक्य असतात आणि नमुना थंड होताना त्या सगळ्यांत तुकड्यातुकड्यांनी विभागला जातो. चुंबकीय क्षेत्रात थंड केल्यास दुप्पट झालेला अक्ष क्षेत्राजवळच्या घन-कडेवर बसतो. उरलेले जुळे दाबाने कमी करता येतात, पूर्ण जात नाहीत. एका स्फटिकाऐवजी पावडर घेतली तर दिशांची कटकट नाही, पण फुटलेली शिखरे एकमेकांवर चढतात. २००१-०२ मध्ये राइट, अ‍ॅटफील्ड आणि राडाएली यांनी उच्च-विभेदन पावडर विवर्तनातून रचना काढली, तीही पूर्ण कोषाऐवजी त्याच्या लहान भागात (उपकोषात) बसवूनच.

नमुनाही बेभरवशाचा. लोहाची उणीव ०.४ टक्क्याच्या आसपास गेली की संक्रमणाची तीव्र उडी जाऊन ते सौम्य होते आणि तापमान घसरते; १.२ टक्क्यांपुढे संक्रमणच उरत नाही. म्हणून विवर्तनाआधी त्याच तुकड्याचा रोध किंवा उष्माधारिता मोजून घ्यावी. प्रयोगशाळेतील साध्या क्ष-किरण यंत्रावर तांब्याची क्ष-किरण नळी टाळावी. तिच्या किरणांनी लोह स्वतःच प्रदीप्त होऊन पार्श्वभूमी फुगते, कोबाल्टची नळी वापरावी.

२०१२ मध्ये सेन, राइट आणि अ‍ॅटफील्ड यांनी फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतितीव्र क्ष-किरण देणारा कणत्वरक) सुमारे ४० मायक्रोमीटरचा, जवळजवळ एकदिश कण निवडून उच्च-ऊर्जेच्या क्ष-किरणांनी पूर्ण रचना काढली: १६८ गोठलेल्या कंपनरीती (अणू जागेवरून सरकून तसेच थिजण्याचे नमुने), प्रत्येकीचा आयाम ०.२४ अँगस्ट्रॉमहून कमी. व्हर्वेंचा आयनक्रम स्थूलमानाने बरोबर ठरला, पण इलेक्ट्रॉन एकेका आयनावर न थांबता तीन लोह-अणूंच्या रांगेवर पसरलेले होते. या रांगांना 'ट्रायमेरॉन' म्हणतात.