दोन पाठींची जागा

दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. म्हटलं तर ती एक बुटकी भिंत, मैदान कुठे संपतं आणि फुटपाथ कुठे सुरू होतो एवढंच सांगणारी. पण संध्याकाळी तिथे जाऊन पाहा. निवृत्त आजोबांची बैठक, क्लास सुटलेली पोरं, फेरी मारून दम खाणाऱ्या बायका, कुणाशीच न बोलता नुसता बसलेला एखादा. एवढी माणसं एका बुटक्या भिंतीशी का येतात? आणि लाखो रुपये खर्चून ग्रॅनाइट बसवलेले कितीतरी चौक ओस का पडतात?

याचं उत्तर शोधण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये झाला. तिथे १९६१ साली नियम आला की, बिल्डरने इमारतीपुढे लोकांसाठी मोकळा चौक सोडला, तर दर १ चौरस फुटामागे त्याला १० चौरस फूट जादा बांधकाम मिळेल. जादा एफएसआयच म्हणा ना. चौक भराभर झाले, पण पुष्कळसे रिकामेच राहिले. १९७०च्या सुमारास विल्यम व्हाइट या अभ्यासकाने तरुण सहकाऱ्यांना घेऊन गच्च्यांवर कॅमेरे लावले आणि दिवसभरात चौकांत कोण येतं, कुठे थांबतं, हे टिपायला सुरुवात केली. ऊन जास्त तिथे गर्दी जास्त, असा आधी अंदाज होता. तो पुरेसा ठरला नाही. चौकाचा आकार पाहिला, क्षेत्रफळ पाहिलं. त्यांतूनही उलगडा होईना. अखेर हाती लागलं ते इतकं साधं होतं की ते दिसायला वेळ लागला याचंच नवल वाटावं: जिथे बसायला जागा, तिथे माणसं बसतात.

बसायला जागा म्हणजे बाकच हवा असं नाही. पायरी चालते, कारंज्याचा काठ चालतो, १ ते ३ फूट उंचीचा कुठलाही कठडा चालतो. रुंदीबद्दलचं व्हाइट यांचं निरीक्षण मला फार आवडतं. कठडा ३० इंच किंवा त्याहून रुंद असला, की दोन्ही बाजूंनी बसता येतं, अनोळखी माणसंही पाठीला पाठ करून निवांत बसतात. १९७५ साली न्यूयॉर्कने नियमच बदलला आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक सक्तीची केली.

आता आपला पार आठवा. पाठीशी वडाचा बुंधा, डोक्यावर सावली, समोर येणारी-जाणारी वाट. इंग्रज भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ साली मांडलं की, जिथून दूरवर दिसतं आणि तरी आपण आडोशाला असतो, अशी जागा माणसाला मनापासून आवडते. गावच्या पारावर हे दोन्ही एकाच जागी मिळतं.

सावलीची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. उन्हात आणि शेजारच्या सावलीत हवेचं तापमान जवळपास सारखंच असतं. फरक पडतो तो अंगावर येऊन पडणाऱ्या उष्णतेत. भर दुपारी दर चौरस मीटरवर ९०० ते १००० वॉट इतकं ऊन येतं, शिवाय तापलेली फरशी खालून भाजते ती वेगळीच. पत्र्याची शेड ऊन अडवते, पण स्वतः तापून तीच उष्णता आपल्या डोक्यावर सोडते. झाडाचं तसं नाही. पानांतून १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, त्यामुळे पान सहसा पत्र्यासारखं तापत नाही. पण त्यासाठी मुळांना पाणी आणि हवा मिळायला हवी. बुंध्याला खेटून सिमेंट ओतलेले पार मी पाहते तेव्हा पोटात तुटतं. नवा, चकचकीत पार बांधताना त्याची सावलीच आपण हळूहळू मारत असतो.

आणखी एक. आमच्या भागातल्या एका बागेच्या कठड्यावर मध्यंतरी लोखंडी टोकं बसवली. कुणी बसू नये म्हणून. आतले बाकही मधोमध दांडे घालून तिघांपुरते वाटून टाकलेत. आई, बाबा आणि दोन मुलं आली तर चौथ्याने उभं राहायचं. सलग कट्ट्यावर असं होत नाही. पाचवा आला तर चौघं सरकतात. प्रेमी जोडपं आलं तर शेजारची मंडळी जरा लांब होतात. पायाचं दुखणं घेऊन आलेली आजी कुणाला न विचारता टेकते. मैदानाकडे तोंड करायचं की रस्त्याकडे, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाजी पार्कला मॅच रंगात आली की रस्त्याकडे बघत बसलेले लोक पाय उचलून एकेक करून आत वळतात, आणि विकेट पडली की पुन्हा बाहेर.