गिटारचा नेक व फ्रेटबोर्ड : सफाई आणि निगा (नाशिक परिसर)

गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब मानेवर, आणि त्याच्या पुढच्या अंगाला चिकटवलेल्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीवर, साचणारा घाम, कातडीचा तेलकटपणा व धूळ काढणे, या पट्टीत आडवे बसवलेले धातूचे फ्रेट उजळणे आणि उघड्या लाकडाला गरजेपुरते तेल देणे, अशी ही कामे आहेत. एरवी ती तारा बदलताना उरकली जातात. नाशिकमध्ये मात्र त्यांचे वेळापत्रक तारांपेक्षा ऋतूंवर ठरते. वादक ज्या तक्रारी मळाच्या खात्यावर टाकतात, त्यांतल्या बऱ्याच हवेतल्या ओलाव्याच्या असतात.

लाकडाची ओळख

फ्रेटबोर्डसाठी मुख्यतः रोझवुड, काळे एबनी आणि फिकट मेपल ही लाकडे वापरतात. जगभरच्या गिटारांवर ‘इंडियन रोझवुड’ म्हणून मिरवणारे लाकूड म्हणजे आपले शिसव, शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात हे झाड वाढते आणि जुन्या वाड्यांतले शिसवी झोपाळे व पलंग याच लाकडाचे. फेंडर कंपनीने १९५८ साली जॅझमास्टर गिटारला आणि १९५९ पासून आपल्या इतर प्रमुख इलेक्ट्रिक गिटारना मेपलऐवजी रोझवुडचा फ्रेटबोर्ड दिला. २०१७ मध्ये डाल्बर्जियाच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या निर्बंधांखाली आल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सवलत मिळाली.

रोझवुड आणि एबनी सहसा उघडेच ठेवतात, मेपलवर बहुतेक वेळा लॅकर, म्हणजे संरक्षक लेप, असते. तेल द्यायचे ते उघड्या लाकडाला. लॅकरवर ओतलेले तेल नुसते वर तरंगते, आणि किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे केले की मेपलचे काम झाले.

स्वस्तातल्या गिटारवर तिसराच प्रकार आढळतो. फिकट रंगाच्या साध्या लाकडाला काळा रंग देऊन त्याला एबनीचे रूप दिलेले असते. अशा फ्रेटबोर्डवर तेलाचा बोळा फिरवला की फडके काळेकुट्ट होते. मालकाला वाटते, केवढा हा मळ! तो आणखी जोर लावतो आणि मधल्या फ्रेटमध्ये पिवळट चट्टे उमटतात. म्हणून कोणतेही तेल वा द्रावण आधी साउंडहोलकडच्या (गिटारच्या पोटावरच्या गोल भोकाकडच्या) शेवटच्या फ्रेटपलीकडे, कोपऱ्यात लावून पाहावे.

नाशिकची हवा

गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. तेवढ्या हवेत लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या ८ ते १० टक्के राहते. हवा ८० टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास पोचते. लाकूड लांबीला फारसे बदलत नाही, रुंदीला मात्र फुगते आणि आकसते. पुढचे सगळे प्रश्न यातून निघतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तर एप्रिल-मेच्या दुपारी ओठ फुटतात. जिल्ह्यातही सारखेपणा नाही : इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस, आणि येवला, नांदगाव, मालेगाव पर्जन्यछायेत. इगतपुरीच्या घरात मुरलेली गिटार मालेगावात बदली झालेल्या मालकाबरोबर गेली, तर पहिल्याच उन्हाळ्यात ती कुरकुरणार.

ही कुरकुर बोटांना आधी कळते. नेकच्या कडेवरून अंगठा व तर्जनी खालपर्यंत ओढत नेली की फ्रेटची टोके करवतीच्या दात्यांसारखी टोचतात. फ्रेट वाढलेले नसतात, त्यांच्याखालचे लाकूड आकसलेले असते. मे महिन्यात ही टोके कानशीने घासून घेण्याची घाई करू नये. आधी गिटार केसमध्ये ठेवून ओलावा द्यावा. भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवली तरी चालते, फक्त पाणी लाकडावर ठिबकता कामा नये. एवढे करूनही जी टोके टोचतील तेवढीच घासायची. घरातला पाण्याचा कूलर खोलीची हवा ओलसर करतो, पण गिटार त्याच्या झोतात उभी करू नये.

पावसाळ्यात उलट घडते. लाकूड फुगते, तारा फ्रेटबोर्डपासून उंच उठतात, दाबायला जड जातात. अशा वेळी केसमध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी धातूची कांब) पिळून नेक सरळ करण्याआधी हवा बदलण्याची वाट पाहणे शहाणपणाचे, नाहीतर तोच रॉड दिवाळीनंतर उलटा फिरवावा लागतो. घड्याळासारखे दिसणारे डिजिटल आर्द्रतामापक महागड्या पॉलिशच्या बाटलीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

मळ काढणे

स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोचा असतो. सफाईपुरत्या सगळ्या तारा एकदम काढल्याने नेकला काही होत नाही. मात्र ब्रिज, म्हणजे गिटारच्या धडावरचा तारांचा टेकू, नुसता तारांच्या दाबावर उभा असेल, किंवा स्प्रिंगवर तरंगणारा असेल, तर तारा एकेक करून बदलाव्यात.

आधी कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्यावे. जुना धुतलेला बनियन उत्तम. खरा मळ फ्रेटच्या अगदी कडेला, लाकूड आणि धातू भेटतात त्या कोनात असतो. हा काळपट, मेणचट थर दातकोरणीच्या बोथट टोकाने किंवा कपड्यात गुंडाळलेल्या जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने फ्रेटला समांतर ओढत काढतात. हट्टी थरासाठी चार शून्य क्रमांकाची, सर्वांत बारीक स्टील वूल लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच फिरवतात. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) आधी चिकटपट्टीने झाकावेत, कारण त्यांतली चुंबके लोखंडाचा भुसा ओढून घेतात. भांड्यांची तारेची घासणी इथे नको. तिचे ओरखडे जन्मभर दिसतात. रंग पातळ करायचे एनसी थिनरही वर्ज्य. त्याने नेकचे लॅकर विरघळते आणि फ्रेटबोर्डवरच्या प्लास्टिकच्या खुणाही खराब होतात.

खंडेनवमी-दसऱ्याला घरोघरी हत्यारे आणि वाद्ये पुजली जातात. त्यात हल्ली गिटारही असते. हळद-कुंकू उघड्या लाकडाच्या रंध्रांत गेले की निघत नाही, आणि लॅकर झिजलेल्या मेपलवर हळदीचा डाग चांगलाच बसतो. गंध केसला लावावे, गिटारला फूल वाहावे. पूजेसाठी वाद्य बाहेर काढलेलेच असते आणि पाऊसही सरत आलेला असतो, म्हणून वार्षिक सफाईला हाच मुहूर्त बरा.

तेल

या विषयातले बहुतेक गैरसमज तेलाचेच आहेत. तेलाने लाकडातला ओलावा टिकत नाही. फार तर त्याची ये-जा थोडी मंदावते. रंग गडद होतो, पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, पुढचा मळ सहज सुटतो, एवढाच लाभ. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. उन्हाळ्यापूर्वी, होळीच्या सुमारास दिलेले अधिक कामी येते.

बाजारातले ‘लेमन ऑइल’ बहुधा खनिज तेल असते, त्यात लिंबाच्या सालीचा अर्क किंवा नुसता वास मिसळलेला. लिंबाच्या रसाशी त्याचा संबंध नाही, आणि रस लावला तर फ्रेट खराब होतात. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन हेच काम स्वस्तात करते. संपूर्ण फ्रेटबोर्डला अर्धा चमचाही लागत नाही. फडक्यावर घेऊन चोळावे, पाच-दहा मिनिटांनी सगळे पुसून टाकावे. बोट फिरवल्यावर ओशट लागले तर तेल जास्त झाले.

सतारवादक बोट सरकावे म्हणून तेल वापरतात, ते पाहूनच बहुधा खोबरेल गिटारवर आले असावे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते. नाशिकच्या डिसेंबरात ते फ्रेटच्या कडेला पांढरे थिजते आणि धूळ धरते. शेंगदाणा, करडई ही स्वयंपाकाची तेले कालांतराने चिकट होतात व खवट वास मारतात. जवसाचे तेल सुकून कडक थर धरते. ते जाणकाराने वापरावे, आणि त्याचे बोळे चुरगाळून टाकू नयेत, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवावेत. मोटारीच्या डॅशबोर्डचे सिलिकॉन पॉलिश लावले तर पुढे कोणतीही दुरुस्ती नीट चिकटत नाही.

फ्रेट

फ्रेटचा ‘निकेल सिल्व्हर’ म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल. चांदी फक्त नावात. त्यातल्या तांब्यामुळे घामाने फ्रेट कळकतात. लाकडावर चिकटपट्टी लावून फक्त धातू उघडा ठेवावा आणि ब्रासोसारख्या पॉलिशने किंवा वरच्याच स्टील वूलने उजळावा. पितांबरी आणि पाणी देवाच्या भांड्यांपुरतेच ठीक, लाकडाजवळ नको. तारांखाली खोल घळी पडल्या असतील तर उजळून भागत नाही, फ्रेट समपातळीत घासून घ्यावे लागतात आणि ते कारागिराचे काम.

नेकची मागची बाजू

चकचकीत लॅकरवर घामट अंगठा अडकतो. ओलसर फडके फिरवून कोरडे करणे एवढा उपाय पुरतो. मॅट नेकला पॉलिश लावू नये, ठिकठिकाणी चकाकी येते. नायट्रोसेल्युलोज लॅकरची गिटार रबरी वा व्हिनाइलच्या गादीच्या स्टँडवर दीर्घकाळ ठेवली तर लॅकर मऊ पडून डाग उमटतो. कागद व रेझिनपासून बनवलेल्या रिचलाइटच्या फ्रेटबोर्डला तेलाची गरज नसते.