कणेरी मठावर आपण तीन तास का थांबतो

आमच्या कोल्हापूर सहलीत अंबाबाई, पन्हाळा, रंकाळा यांच्या जोडीला कणेरी मठ दिसला की हमखास फोन येतो : "तिथं पुतळेच आहेत ना? तासाभरात उरकू." उरकत नाही, म्हणून आधीच लिहून देतोय.

कणेरी गोकुळ शिरगावजवळ, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडं आत. मठ जुना, त्याच्या आवारातलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय मात्र 2007 साली खुलं झालं. मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामीजींची ही कल्पना. लागेल ते गावातच पिकवणारं, घडवणारं गाव दाखवायचं, हा हेतू. मुळाशी गांधीजींचा ग्रामस्वराज्याचा विचार. सुमारे 7 एकरांत 80 च्या आसपास देखावे आणि 300 च्या घरात पुतळे, बहुतेक उघड्यावर.

स्टॉकहोमला 1891 साली स्कान्सेन हे खुलं संग्रहालय सुरू झालं, तिथं खेड्यांतली खरी लाकडी घरं आणून पुन्हा उभी केली. आपली मातीची घरं उचलायला गेलं तर हाती ढेकळंच येणार! कणेरीत सगळं सिमेंटात घडवलंय. पण माणसांच्या हातांकडे बघा. कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, प्रत्येकाची बसण्याची ढब निराळी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीतले एक आजोबा मळणीपाशी जे थांबले ते हलेचनात. तिवडा, म्हणजे खळ्याच्या मधला खांब, कशाला रोवतात, बैलांना मुसकी का बांधतात, सगळं नातवाला सांगून झालं. मग रास झाल्यावर खळ्यावरच बलुतेदारांचं, म्हणजे गावाची कामं करणाऱ्या कारागिरांचं, वाट्याचं धान्य (बलुतं) कसं मोजून द्यायचे, तेही. जाता जाता म्हणाले, "मिळायचं सगळ्यांना, पण सारखं नव्हे." हे बरोबरच आहे. बलुतं हक्काचं असलं तरी कामं जातीनं बांधलेली होती, आणि महार वतनासारखी कनिष्ठ वतनं, म्हणजे पिढीजात गावकाम आणि त्याबद्दलची जमीन, रद्द व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. देखाव्यातलं गाव फार गुण्यागोविंदानं नांदतं; मुलांना ही बाजूही सांगा.

सगळं पायी फिरायचं आहे. मार्च ते मे सहल असेल तर आम्ही सकाळी आधी कणेरीच घेतो. टोपी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. तिकीट सहलीच्या पैशांत धरलेलं नाही. गुडघे दुखत असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, म्हणजे तुमच्यासोबत आमचा एक माणूस ठेवू. आणि घरातल्या आजी-आजोबांना गाडीत बसवून ठेवू नका.