गाठींची दोरी आणि लाकडाचे ट्रक

ध्येय कागदावर उतरवा आणि रोज सकाळी स्वतःशी चांगलं बोला, असं सांगणाऱ्या कार्यशाळा आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. तिथे या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. पण त्यांची मुळं वेगवेगळ्या मातीतली आहेत, आणि ते माहीत असलं की कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची हे कळतं.

स्वतःशी चांगलं बोलण्याची पद्धत लोकप्रिय केली एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने. जन्म १८५७ चा, दुकान त्रुआ गावात. बाटली हातात देताना औषधाची दोन शब्दांत तारीफ केली की गिऱ्हाइकाला गुण लवकर येतो, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे तो संमोहन शिकला आणि अखेर तेही सोडून नान्सी शहरात लोकांना स्वतःच स्वतःला सूचना द्यायला शिकवू लागला. त्यासाठी तो पैसे घेत नसे. सकाळी जाग आल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी, डोळे मिटून, ओठ हलवत वीस वेळा म्हणायचं: ‘दिवसेंदिवस, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत चाललो आहे.’ मोजायला वीस गाठी मारलेली दोरी. जपमाळ पाहत वाढलेल्या आपल्या माणसांना ही दोरी लगेच ओळखीची वाटेल. १९२३ मध्ये कुए अमेरिकेत गेला तेव्हा त्याला ऐकायला झुंबड उडाली.

मला कुएबद्दल खरा आदर वाटतो तो दुसऱ्याच कारणासाठी. ‘मनाचा हिय्या करा’ असं तो कधी सांगत नसे. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालतो, तीच फळी उंचावर टांगली की पाय लटपटतात. इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, असं त्याचं म्हणणं. म्हणून जोर करायचा नाही, कल्पनेला हळूहळू वळण लावायचं.

वहीत ध्येय मांडण्याची चाल याहून जुनी. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुण निवडले आणि वहीत लाल शाईने सात वारांचे सात रकाने आखले. चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणावर भर, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा गुण आपल्याला फार जड गेला, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

या विषयाला शास्त्राचा आधार मिळाला तो एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञामुळे. ‘जमेल तेवढं करा’ यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं तर काम जास्त होतं, हे त्याने १९६८ च्या लेखात मांडलं. मग गॅरी लॅथम आणि त्याच्या सहकाऱ्याने ते ओक्लाहोमात ओंडके वाहणाऱ्या ट्रकांवर तपासलं. ३६ ट्रक कायद्याच्या मर्यादेच्या साधारण ६० टक्केच भरून निघत. चालकांना ९४ टक्क्यांचं ध्येय दिलं. वाढीव पैसा नाही, दंड नाही. काही आठवड्यांत भरती ९० टक्क्यांच्या आसपास गेली.

१९८१ मध्ये जॉर्ज डोरनने ‘स्मार्ट’ हे सूत्र दिलं: ध्येय कसं असावं हे सांगणाऱ्या पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. ते व्यवस्थापकांसाठी होतं. त्यातला ‘ए’ म्हणजे काम कोणावर सोपवायचं ते. आज तिथे ‘गाठता येण्याजोगं’ असा अर्थ सांगतात.

येल विद्यापीठातल्या १९५३ च्या विद्यार्थ्यांची गोष्ट मात्र सोडून द्यायला हवी. ध्येय लिहिणाऱ्या तीन टक्क्यांनी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त संपत्ती कमावली, असं फळ्यावर आकडा काढून सांगतात. १९९६ मध्ये एका अमेरिकी मासिकाने शोध घेतला तेव्हा असा अभ्यास झालाच नसल्याचं निघालं. धडपडणाऱ्या मुलांपुढे खोटा आकडा ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

खरे अभ्यास आहेत, आणि ते जास्त उपयोगी आहेत. गॅब्रिएल एटिंगेन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या २५ स्त्रिया तपासल्या. जमेल अशी खात्री असलेल्यांचं वजन जास्त उतरलं, पण बारीक झाल्याची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं कमी. म्हणून स्वप्नाशेजारी अडथळाही डोळ्यांसमोर आणायचा, असं ती सांगू लागली. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने त्याला ‘जर-तर’ची जोड दिली: जर जेवण आटोपून उठलो, तर हात पुसताच चपला घालून कोपऱ्यापर्यंत चालून यायचं.